काचेच्या शेगडीवर गुळाचा पाक जळून बसलाय, चरे न पडता कसा काढू?

बाणेरची_नवी

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आम्ही पुण्यात बाणेरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. इथे ओट्यातच बसवलेली काळी, गुळगुळीत काचेची विजेची शेगडी आहे. वर चार गोल, ज्योत वगैरे काही नाही, चालू केली की काचेखालून लाल दिसतं. घरमालक परदेशी असतात. शेगडी नवी कोरी असताना त्यांनी ती आमच्या ताब्यात दिली, त्यामुळे मला ती तशीच परत करायची आहे. डिपॉझिटचा प्रश्न आहेच, पण कुणी विश्वासाने दिलेली वस्तू आहे हेही आहे.

संक्रांतीला सासूबाईंनी तिळाच्या वड्यांसाठी चिक्कीच्या गुळाचा पाक केला. गोळीबंद होत आला होता, तेवढ्यात त्या गुळगुळीत काचेवरून पातेलं सरकलं आणि पळीभर पाक मोठ्या गोलावर सांडला. गरम असताना वड्या थापल्याच पाहिजेत, त्यामुळे खालचं तसंच राहिलं. आता तिथे तळहाताएवढा काळा थर बसलाय. वरून चकचकीत, कडेला थोडा तपकिरी. नख लावलं तर नख घसरतं.

त्याशिवाय दूध उतू गेल्याचं तपकिरी कडं आहे, फोडणीच्या बाजूला पिवळट ओशट झाक आहे, पांढरे ठिपके आहेत, आणि जिथे जर्मनचं (म्हणजे ॲल्युमिनियमचं) पातेलं ठेवतो तिथे चंदेरी रेघा उमटल्यात. त्या रेघा चरे आहेत की डाग, तेही कळत नाही.

कामाच्या मावशी म्हणतात, तारेच्या घासणीने दोन मिनिटांत साफ करते. मी त्यांना थांबवलंय. सासूबाई म्हणतात चिंच लावू. शेजारच्या काकूंनी संडास धुवायचं लिक्विड सुचवलं, त्याला मात्र माझं मन तयार होत नाही. ज्यांनी अशी शेगडी वापरली आहे त्यांनी कृपया नीट सांगा.

पिंपळे_सौदागरची_आई

अगं, खाण्याचा सोडा भुरभुरव, वरून व्हिनेगर ओत. छान फसफसतं. पाच मिनिटांनी घासून काढ. आमच्या गॅसच्या शेगडीवर मी असंच करते, साधे डाग निघतात. गुळाचं मात्र मला माहीत नाही.

हडपसरचा_शेगडीवाला

ताई, मावशींना थांबवलंत ते फार बरं केलंत. मी गॅसच्या शेगड्या आणि ओट्यातले हॉब दुरुस्त करतो. हडपसर, मगरपट्ट्यापासून औंध, बाणेरपर्यंत फिरणं असतं. डागामुळे वाया गेलेली काच मी क्वचित पाहिली आहे. डाग काढताना वाया घालवलेल्या काचा मात्र पुष्कळ पाहिल्यात, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण डाग निघणाराच होता.

औंधला एका घरी अशीच काळी शेगडी होती, तुमच्यासारखीच. रोज राखुंडीने घासलेली. समोरून बघितली तर स्वच्छ. मी मोबाईलची बॅटरी कडेने आडवी धरली तर काचेवर बारीक गोल गोल रेघांचं जाळं उमटलं, हात फिरेल तिथे तिथे. राखेत वाळूचे कण असतात आणि वाळू काचेपेक्षा कठीण असते. वीटकरीचं, भांड्यांच्या खरखरीत पावडरीचं आणि तारेचंही तेच. एकदा असं जाळं पडलं की पुढचा प्रत्येक डाग त्या रेघांत शिरून बसतो, मग आणखी जोर लावावा लागतो, आणखी रेघा पडतात. तेव्हा तार, राखुंडी, पावडर आणि हिरव्या घासणीची खरखरीत बाजू, एवढं त्या शेगडीपासून लांब ठेवा. मावशींनाही रागावून नको, ती बॅटरीची आडवी तिरीप दाखवून सांगा. डोळ्यांनी दिसलं की पटतं.

आता तुमचे डाग. हे चार-पाच वेगवेगळ्या जातीचे डाग आहेत आणि प्रत्येकाला वेगळी गोष्ट लागते. सगळ्यांवर एकच काहीतरी ओतून जोरात घासणं इथेच गडबड होते. जळालेली वस्तू मुळात काय होती, हे आधी विचारायचं.

गुळापासून सुरू करू, कारण तोच अवघड आहे. गूळ आणि साखर पाण्यात विरघळतात. कितीही कडक झालेला पाक असू दे, जोवर त्याचा पुरता कोळसा झालेला नाही तोवर पाणी त्याला सोडवतं. घाई नको फक्त. शेगडी पॅनलवरून बंद करा. पॅनलवर 'एच' दिसत असेल तर काच अजून तापलेली आहे असा त्याचा अर्थ, तो जाईपर्यंत थांबा. भिंतीवरचा मेन स्विच त्यानंतरच बंद करा, आधी केला तर 'एच' दिसणारच नाही. मग जुनं सुती फडकं, बनियनचं असलं तर उत्तम, कडकडीत पाण्यात बुडवून हलकं पिळा आणि त्या थरावर घडी करून ठेवा. वरून एक ताटली पालथी घाला, म्हणजे वाफ उडून फडकं सुकणार नाही. गार झालं की परत गरम पाण्यात बुडवून ठेवा. दुपारची कामं चालू असताना हे आपलं आपण होत राहतं.

काही वेळाने फडकं उचललंत की त्याला चहासारखा रंग लागलेला दिसेल. ते लक्षण चांगलं आहे, गूळ सुटतोय. वरचा चकचकीतपणा जाईल, बोट लावलं तर चिकट लागेल. तो चिकटा पुसून घ्या आणि परत फडकं ठेवा. असं करत करत शेवटी खाली काळा, कोरडा, खडबडीत थर उरेल. तो कोळसा. त्याला पाणी काही करत नाही आणि सोडाही फारसं काही करत नाही. तो खरवडूनच काढायचा.

खरवडायला एकधारी पत्ती बसवलेली खरवडणी मिळते. रंगारी लोक खिडकीच्या काचेवरचा रंग काढायला वापरतात ती. बोहरी आळीत हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळेल, जवळच्या रंगाच्या दुकानातही असते. पत्ती नवी घाला. गंजलेली किंवा दाता पडलेली पत्ती काचेला नांगरून काढते. काच ओली ठेवा, एक-दोन थेंब भांड्यांचा साबण टाकला तरी चालेल. पत्ती काचेवर जवळजवळ झोपवायची, साधारण 30 अंशात, आणि पूर्ण धार टेकवून पुढे ढकलायची. मागे ओढायची नाही. कोपरा टेकवून टोकरायचं तर अजिबातच नाही, चरा पडतो तो तिथेच. नीट धरलं असेल तर कोळशाचे पातळ पापुद्रे पत्तीवर चढत येतात आणि आवाज मऊ येतो. खर्र असा आवाज आला की थांबा. पत्तीला दाता पडलाय किंवा खाली काही कण अडकलाय. पुसा, पत्ती बदला, मग पुढे. मुलं आसपास असतील तर हे काम ती शाळेत गेल्यावर करा.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगतो, कारण लोक ऐकून घाबरतात. नव्या, नीट धरलेल्या पत्तीने तुमची काच खराब होत नाही. विजेच्या शेगडीवरची ही काच साधी काच नसते, काच-सिरॅमिक असते. तिला तापवलं तरी ती जवळजवळ फुगतच नाही, म्हणून मधला गोल लालबुंद आणि शेजारची काच गार असली तरी ती तडकत नाही. कंपन्यांच्या पुस्तिकांतही पत्तीची खरवडणीच सांगितलेली असते.

दुधाचं कडं आणि फोडणीचा ओशटपणा याला सोडा. दुधातली प्रथिनं जळून चिकटतात. तेल तापून तापून वाळतं आणि वॉर्निशसारखा थर धरतं, तो साध्या पाण्याला दाद देत नाही. खाण्याच्या सोड्यात पाणी घालून दाट लेप करा, डागावर पसरा, वरून ओलं गरम फडकं घाला आणि अर्धा-पाऊण तास सोडून द्या. नंतर मऊ स्पंजने गोल गोल पुसा. सोड्याचा कण काचेपेक्षा बराच मऊ असतो, त्यामुळे त्याने चरे पडत नाहीत. जुनं कडं एका वेळेत पूर्ण नाही निघालं तर परत लेप लावा, जोर वाढवू नका. धुण्याचा सोडा जास्त कडक असतो. तो काचेवर वापरायची गरज नाही, आणि शेगडीच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी असली तर तो लागून ती काळी पडते.

पांढरे ठिपके पाण्याचे आहेत. तुमच्या सोसायटीत टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी येत असणार. खडकवासला धरणाच्या पाण्याने एवढे ठिपके पडत नाहीत, बोअरचं पाणी जड असतं. ते वाळलं की क्षार मागे राहतात. त्याला आंबट हवं.

आणि चंदेरी रेघा! ताई, ते बहुतेक चरे नाहीत. जर्मनचं पातेलं मऊ धातूचं असतं, ते काचेवर सरकवलं की पातेल्याचाच धातू काचेला लागतो. पेन्सिल कागदावर उमटते तसं. नख फिरवून बघा, अडकलं नाही तर तो धातूच आहे. त्यालाही आंबट हवं. म्हणजे सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, फक्त चिंच गुळावर नाही, या रेघांवर आणि पांढऱ्या ठिपक्यांवर लावायची. चिंचेचा कोळ गाळून घ्या, चोथ्यात रेती असू शकते. नाहीतर लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाचं पाणी, जे घरात असेल ते. दहा मिनिटं ठेवून पुसा. पुढे मात्र जर्मनची भांडी या शेगडीवर उचलून ठेवा आणि उचलूनच काढा, सरकवू नका.

संडासचं लिक्विड नको म्हणालात ते योग्यच. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. कडेची पट्टी स्टीलची असली तर ती खराब होते, वाफ नाकातोंडात जाते, आणि त्यात चुकून ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू होतो. स्वयंपाकघरात त्याचं काम नाही.

सगळं झालं की साध्या पाण्याने दोनदा पुसा आणि कोरडं करा. साबणाचा पातळ थर राहिला तर पुढच्या वेळी तोच तापून जळतो आणि नवा डाग होतो. निम्मे लोक हे शेवटचं पुसणंच विसरतात.

कोथरूड_डेपोजवळ

दादा, फार सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. आमच्याकडे पाइपचा गॅस आणि काचेची तीन बर्नरची शेगडी आहे. आमटी, वरण उतू जाऊन बर्नरभोवती काळी कडी झालीत. तीच पत्ती वापरू का? आणि आमच्या सोसायटीत एकांकडे अशी काच स्वयंपाक चालू असताना फुटली. तेव्हापासून मी ती शेगडी ओल्या फडक्याने पुसायलाही घाबरते.

हडपसरचा_शेगडीवाला

ताई, तुमची काच वेगळी, म्हणून वेगळं सांगतो.

गॅसच्या शेगडीवर असते ती टफन्ड काच. साधी काच 600 अंशांच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी हवेच्या झोताने झटकन गार करतात. वरचे थर आधी घट्ट होतात, आतला नंतर आकसतो आणि वरच्या थरांना आत ओढून धरतो. त्यामुळे वरची कातडी कायम दाबाखाली आणि पोट ताणाखाली असतं. यातच तिची ताकद आहे. तडा त्या दाबलेल्या कातडीतून खाली ताणापर्यंत पोचला की मात्र अख्खी काच एकदम सुटते आणि खडीसाखरेएवढे तुकडे होतात. मोठे सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत, त्यासाठीच ती वापरतात.

ओल्या फडक्याने ती फुटत नाही, निर्धास्त पुसा. घासणीच्या बारीक ओरखड्यानेही लगेच फुटत नाही, ती कातडी पुरेशी जाड असते. मी फुटलेल्या काचा बदलायला जातो तेव्हा कारणं बहुतेक ठरलेली निघतात. कडेला टवका उडालेला असतो, कारण काचेची कड हीच तिची नाजूक जागा. किंवा बर्नरपेक्षा फार मोठं पातेलं, भाकरीचा मोठा तवा तासन्‌तास ठेवलेला असतो आणि ज्योतीची धग त्याखालून उलटी काचेवर येत राहते. किंवा तापलेला कुकर उचलून थेट काचेवर टेकवलेला असतो. किंवा बर्नर बुजून ज्योत खाली, काचेच्या पोटाशी पेटलेली असते, आणि ते तर काचेपेक्षाही माणसाला धोक्याचं. कधी कधी काचेतच कारखान्यातून आलेला निकेल सल्फाइडचा बारीक खडा असतो आणि तो कारण न दिसता काच फोडतो, त्याला आपण काही करू शकत नाही.

म्हणून तुम्हाला दोनच गोष्टी सांगतो. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, शेगडी पूर्ण गार होऊ द्या. आणि महिन्यातून एकदा काचेच्या चारही कडांवरून, बर्नरच्या भोकांच्या काठांवरून हात न लावता नीट नजर फिरवा. टवका दिसला तर काच बदलून घ्या, वाट बघू नका.

डाग काढायचा क्रम असा ठेवा. पाइपच्या गॅसचा शेगडीजवळचा कॉक बंद. सिलिंडरवाल्यांनी रेग्युलेटर बंद करायचा. जाळ्या, बर्नरच्या टोप्या आणि खालच्या स्टीलच्या ताटल्या काढून गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजत घाला. स्टीलला तो चालतो, फक्त हातमोजे घाला. पितळी टोप्या सोड्यात ठेवू नका, त्या चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात वेगळ्या. टोपीची भोकं सुईने एकेक मोकळी करा, आणि पुरती वाळल्याशिवाय परत बसवू नका. ओली टोपी बसवली की ज्योत पिवळी, फडफडणारी येते आणि पातेल्यांची बुडं काळी होतात. मग लोक मला फोन करतात.

काचेवर आमटीचं कडं असेल तर आधी गरम फडकं, मग सोड्याचा लेप. आमटीत गूळही असतो आणि तेलही, त्यामुळे याच क्रमाने दोन्ही सुटतात. पाणी निथळत ठेवू नका, ते बर्नरच्या नळीत शिरता कामा नये. फडकं घट्ट पिळलेलं हवं. पत्ती लागलीच तर ओल्या काचेवर, अगदी हलक्या हाताने, आणि कडेपासून व भोकांच्या काठांपासून बोटभर लांब. काठाजवळचं कडं मी लाकडी आइसक्रीमच्या काडीने काढतो, भिजवलेलं असलं की तेवढ्याने निघतं. काही शेगड्यांच्या काचेवर वरून नक्षी छापलेली असते, तिथे पत्ती लावूच नका. नक्षी निघून येईल.

निवृत्त_रसायन_प्रयोगशाळा

वरती सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचं सुचवलं आहे. फसफस दिसते म्हणून लोकांना ते जोरदार वाटतं. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही भेटले की एकमेकांना मारतात. बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे, आणि उरतं ते सोडियम ॲसिटेटचं सौम्य खारट पाणी. तेल सोडवायला अल्कली हवी होती, ती गेली. क्षार विरघळवायला आम्ल हवं होतं, तेही गेलं. बुडबुड्यांनी थोडी सैल घाण उचलली जाते, एवढाच फायदा. आधी सोडा लावा, पुसा, धुवा, मग आंबट लावा. असं एकामागून एक लावलं तर दोन्ही पुरेपूर काम करतात.

शेगडीवाल्या दादांनी काच-सिरॅमिकचा उल्लेख केला त्याला एक जोड. हा पदार्थ 1953 मध्ये अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या प्रयोगशाळेत अपघाताने सापडला. डोनाल्ड स्टूकी काचेचा तुकडा 600 अंशांवर तापवत होते, भट्टी बिघडून 900 पर्यंत गेली. तुकडा वितळून गेला असेल म्हणून त्यांनी दार उघडलं तर तो पांढरा होऊन शाबूत होता, आणि चिमट्यातून निसटून पडला तरी फुटला नाही. काचेच्या पोटात असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार झाले होते. बाणेरच्या ताईंच्या ओट्यावर आहे ती त्याच घराण्यातली.

पिंपळे_सौदागरची_आई

सर, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता वेगवेगळं करून बघते.

बाणेरची_नवी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

चंदेरी रेघा आधी केल्या, कारण त्यांचीच मला जास्त भीती होती. नख अडकलं नाही. सासूबाईंनी स्वतः चिंच भिजवून, गाळून कोळ लावला आणि रेघा पुसल्या गेल्या. त्या इतक्या खूश झाल्या की नळाभोवतीचे पांढरे डागही त्यांनी त्याच कोळाने काढले.

गुळाला वेळ लागला. पहिल्यांदा फडकं उचललं तेव्हा काहीच झालेलं नव्हतं, मला वाटलं हे निघणार नाही. ताटली झाकून, फडकं बदलत राहिल्यावर कडेची तपकिरी चकती मऊ पडली आणि मग ती कडेकडून आत सरकत गेली. मधला काळा भाग पत्तीने काढला. तुम्ही म्हणालात तसाच आवाज मऊ होता, आणि पापुद्रे खरंच पत्तीवर चढत होते. मावशी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. त्यांना मी बॅटरीची तिरीप दाखवली, आणि आता त्याच मला म्हणतात की ताई, या शेगडीचं फडकं वेगळं ठेवा, भांड्याचं नको.

दुधाचं कडं सोड्याने गेलं, थोडी सावली आहे, तिथे परत लेप लावते आहे.

एकच राहिलंय. गूळ होता त्या जागी काच आता स्वच्छ आहे, पण बोट फिरवलं तर दोन-तीन अगदी बारीक खळगे लागतात. टाचणीच्या टोकाएवढे. आत काळं काही नाही. हे कसे भरायचे? आणि पुढे पाक करायचाच नाही का या शेगडीवर? गुढीपाडवा येतोय, सासूबाईंना साखरेच्या गाठी घरी करायच्या आहेत.

हडपसरचा_शेगडीवाला

ताई, ते खळगे भरता येत नाहीत. गुळाचा पाक गार होताना आकसतो, काच आकसत नाही, आणि पाक तिला इतका घट्ट धरून असतो की आकसताना वरची कपची घेऊन येतो. पाक थंड झाला त्या दिवशीच ते झालेलं आहे, तुम्ही भिजवण्याने किंवा पत्तीने नाही. उलट कोरडं टोकरलं असतं तर आणखी कपच्या निघाल्या असत्या. टाचणीएवढ्या खळग्यांनी शेगडी वापरायला काही धोका नाही. बाजारात काच भरायचं म्हणून जे मिळतं ते या तापमानाला टिकत नाही, त्यावर पैसे घालवू नका. खळग्यातून तडा फुटलेला दिसला तर मात्र शेगडी बंद ठेवा आणि मेकॅनिकला दाखवा, कारण तड्यातून पाणी खाली विजेच्या भागात जातं. घरमालकांना आत्ताच दोन फोटो पाठवून कळवून टाका, असं मी सुचवेन. नंतर घर सोडताना सांगण्यापेक्षा ते सोपं जातं.

पाक जरूर करा. बूड जाड आणि सपाट असलेलं स्टीलचं पातेलं घ्या, पातळ बुडाचं सरकतं. पातेलं निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, साखरेच्या पाकाला उसळी येते. आणि खरवडणी, जाड हातमोजा आधीच ओट्यावर काढून ठेवा. पाक सांडला तर गोल बंद करा, पातेलं बाजूला घ्या आणि पाक अजून पातळ, गरम असतानाच खरवडणीने गार काचेकडे ढकला. एरवी गार झाल्याशिवाय हात लावू नका म्हणतो, साखर आणि गूळ हे त्याला अपवाद. ढकललेला पाक तिथे गोळा झाला की कोरड्या फडक्याने उचला, तेव्हाही हातमोजा काढू नका, साखरेचा चटका वाईट असतो. मूळ जागेवर जो पातळ थर राहील तो 'एच' गेल्यावर गरम फडक्याने लगेच पुसा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. प्लास्टिकचं उलथनं वापरू नका, ते वितळून काचेला बसतं आणि ते काढणं गुळापेक्षा अवघड.

बाणेरची_नवी

फोटो पाठवले. मालकीणबाईंचं लगेच उत्तर आलं, त्यांच्याकडेही मुलांच्या चॉकलेटने असाच एक खळगा पडलेला आहे, काळजी करू नका म्हणाल्या. जाड बुडाचं पातेलं आणायला उद्या तुळशीबागेत जाते आहे. गाठींच्या साच्याचीही सासूबाईंनी यादी दिली आहे.